सिग्नलला आई बोलते

जुनी गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी रंग बघतात, मग टायरला लाथ मारतात, मग आत बसून उगाच स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवतात. दादा यातलं काहीच करत नसे. तो बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायला सांगायचा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभा राहायचा. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं त्याचं ठाम मत होतं. पाच मिनिटं तो असा उभा राहिला की गाडी विकणारा आपणहून किंमत उतरवायला लागायचा. गॅरेजमधले लोक त्याला 'कान' म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही.

घरी मात्र तो दादा. धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. आई म्हणायची, "माझ्या घरात एक कान आहे नि एक डोळा आहे. तोंड तेवढं मी माझ्याकडे ठेवलंय." आणि तोंड तरी काय! चाळीस वर्षं ती शिलाई मशीनवर बसली. गिऱ्हाइकांचे कपडे शिवले आणि त्यांची सालंही काढली. दादाला तर तिने कधी सरळ हाक मारली नाही. "गाढवा, जेवलास का?" "गाढवा, हात धू आधी, सगळं ग्रीस लावून ठेवशील." दादाला पन्नाशी जवळ आली होती, केस विरळ झाले होते, तरी हे चालूच होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी सुईत दोरा ओवताना आईचा उजवा हात गळून पडला. हॉस्पिटलातून ती परत आली तेव्हा उजवी बाजू लुळी होती आणि वाचा गेली होती. समोरचं सगळं तिला समजायचं. डोळे तसेच तिखट होते. पण ओठ हलवले की नुसता "आ" यायचा, आणि तो आला की ती चिडून तोंड फिरवायची.

बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला बसत. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिलं वर्ष हातचं घालवू नका. जे परत यायचं ते बहुतेक त्या वर्षात येतं." म्हणजे आठवड्यातून तीन फेऱ्या. आई धाकटीकडे राहायची. दादाचं गॅरेज आणि त्यावरची त्याची खोली दोन गल्ल्या पलीकडे. टॅक्सीच्या खाली गेलेल्या सीटवर आईला बसवणं म्हणजे तिघांचेही हाल. तेव्हा धाकटीने ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण सीट उंच हवी, आईला चाकाच्या खुर्चीतून सरळ आत सरकवता यायला हवं. आणि गाडी मध्येच बंद पडता कामा नये. गेलेला दिवस परत मिळणार नव्हता.

म्हणून दादाने ही गाडी डोळ्यात तेल घालून तपासली. छोटी एसयूव्ही, चार वर्षांची, एकच मालक, माइल्ड हायब्रिड. म्हणजे गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की पट्ट्यावरची मोटर त्याला पुन्हा गपकन उठवते. त्यासाठी एक जादा बॅटरी डाव्या सीटखाली असते. अशा गाड्यांची दुखणी दादाला पाठ होती. ती छोटी बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, पट्टा ओरडतो, इंजिन उठताना हिसका बसतो, डॅशबोर्डवरचा पडदा मध्येच गोठतो. इथे बॅटरी थकली होती, बाकी सगळं ठणठणीत. चालकाची सीट बऱ्यापैकी वापरलेली होती, डावी मात्र कोरी करकरीत. जणू तिच्यावर कुणी बसलंच नव्हतं.

दोन गोष्टी त्याला खटकल्या. हे इंजिन आपोआप थांबणं, म्हणजे ऑटो स्टॉप, बंद करायचं एक बटण असतं. त्यावरचं चिन्ह घासून पार पुसलं गेलं होतं, शेजारची बटणं मात्र नवीनासारखी. आणि बॉनेटच्या कुलपापाशी एक प्लग काढून ठेवलेला होता. तो निसटलेला नव्हता. मुद्दाम काढून, चिकटपट्टीचे सात-आठ वेढे घालून, वर प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधला होता. हा प्लग काढला की गाडीला वाटतं बॉनेट उघडं आहे, मग ती ऑटो स्टॉप करतच नाही.

"लोकांना सवय नसते," तो धाकटीला म्हणाला, "सिग्नलला इंजिन बंद पडलं की घाबरतात. मग असले उद्योग करतात."

काढलेला प्लग बघून स्वस्थ बसेल तो मेकॅनिक कसला? गाडी घरी आल्यावर पहिल्या रविवारी दादाने चिकटपट्टी सोलली, प्लग जागेवर बसवला, डावी सीट उचलून खाली नवी बॅटरी टाकली, आणि लॅपटॉप जोडून गाडीला कळवलं की ही बॅटरी नवीन आहे, हिला पूर्ण वापरायला हरकत नाही. एवढं केल्यावर त्याच्या जीवात जीव आला.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास धाकटीचा फोन आला. ती रडत होती.

"दादा, आई बोलली!"

दादाच्या हातातला पाना खाली पडला. "काय बोलली?"

"खिडकी लाव म्हणाली. सिग्नलला. स्पष्ट, अरे! खिडकी लाव, ऊन येतंय."

दादा समोरच्या ग्राहकाच्या तक्रारीवर काहीतरी उत्तर देऊन मागच्या खोलीत गेला आणि तोंडावर हात ठेवून ढसाढसा रडला. माणूस असा रडतो तेव्हा फार आनंदात असतो किंवा फार घाबरलेला असतो. त्या दिवशी तो आनंदात होता.

गुरुवारी तो मुद्दाम बरोबर गेला. धाकटी गाडी चालवत होती, आई तिच्या डावीकडे, दादा मागे, बरोबर आईच्या पाठीशी. दवाखान्यापर्यंत सात सिग्नल. पहिल्याला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि गाडीत अशी शांतता पसरली की दादाला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. सवयीने त्याने डोळे मिटले.

"किती छान वाटतंय, नाही?" समोरून आईचा आवाज आला. तोच आवाज, थोडा घोगरा. "असंच जर रोज आलो ना, तर लवकरच..."

सिग्नल सुटला, इंजिन उठलं, आवाज तुटला. धाकटीने आरशातून दादाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. दादाने पुढे वाकून आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ताठ होता.

पुढच्या सिग्नलला इंजिन बंद झालं.

"...सवय होईल," आवाज म्हणाला.

वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे. दादाला ते ऐकताना गंमत वाटली. अंगावर थोडा काटाही आला, पण तो आनंदाचाच असणार असं त्याने धरून टाकलं.

दवाखान्यात बाईंसमोर आई गप्प. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, ओठ घट्ट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाल्या, "होऊ शकतं. इंजिनाची थरथर एकदम थांबली की ताण सुटत असेल. असे प्रकार पाहिलेत मी. त्याचा फायदा घ्या."

दादाला कारण मिळालं की तो शांत होतो. तरी मेकॅनिक तो मेकॅनिक. त्याने कारण तपासून पाहिलं. घरात सगळं बंद करून आईसमोर बसला, काही नाही. त्याच गाडीत चावी फिरवून इंजिन बंद केलं, काही नाही. दुसऱ्या गाडीत बसवून नेलं, सिग्नलला हाताने इंजिन बंद केलं. आईने नुसतं कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे हीच गाडी, डावी सीट, आणि इंजिन गाडीने स्वतःहून थांबवलेलं. एवढं जुळलं की आवाज. त्याने हे एका बिलाच्या पाठीवर लिहून काढलं, दोनदा वाचलं, आणि कागद खिशात ठेवून दिला. त्याला तो कुणाला दाखवावासा वाटला नाही.

धाकटीला असल्या फंदात पडायचंच नव्हतं. तिने दवाखान्याचा रस्ताच बदलला. बाजारातून गेलं की चौदा सिग्नल लागतात. दुकानातून सुटल्यावरही ती आईला फिरवून आणायला लागली, मुद्दाम गर्दीच्या वेळी, जिथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. जग गर्दीला शिव्या घालत होतं आणि ही बया गर्दी शोधत फिरत होती.

"महिन्याभरात बोलती होईल बघ," ती म्हणायची. "कालच म्हणाली, बाळा, तू दमतेस गं माझ्यासाठी."

"बाळा?" दादा म्हणाला.

"हो. का?"

"आईने आपल्याला जन्मात बाळा म्हटलंय?"

"आजारपणाने माणूस मऊ होतं रे. तुला गाढवच म्हणायला हवं का तिने?"

हवं होतं. खरं सांगायचं तर दादाला तेच हवं होतं. चार फेऱ्या झाल्या होत्या त्याच्या, आणि त्या मागच्या सीटवर बसून, डोळे मिटून, कानात प्राण आणून तो एका 'गाढवा'ची वाट बघत होता. आवाज गोड बोलायचा. हवेबद्दल, रस्त्याबद्दल, धाकटीच्या गाडी चालवण्याबद्दल. जुनं काहीच बोलायचा नाही. शिलाई मशीनचं नाव नाही, बाबांचं नाव नाही, शेजारणीची उणीदुणी नाहीत. आणि आई आठ महिन्यांनी बोलायला लागली असती तर आधी शेजारणीवरच घसरली असती, एवढं दादा छातीठोकपणे सांगू शकत होता.

घरात उलटंच चाललं होतं. थेरपीच्या दिवशी आई पलंगाची कड डाव्या हाताने धरून ठेवायची, सोडायचीच नाही. "कंटाळा करते," धाकटी म्हणायची आणि लाडीगोडी लावून एकेक बोट सोडवायची. त्या हाताची नखं तुटलेली असत. कशी तुटतात कळेना. धाकटीने ती नीट कापून दिली, तर दोन दिवसांत पुन्हा तशीच. आणि बाईंनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही झालंय का? मागच्या महिन्यात 'आ' येत होता. आता तोही येत नाही."

नवव्या महिन्यातला दुसरा आठवडा संपत आला होता.

त्या शुक्रवारी बाजारातल्या मोठ्या सिग्नलला इंजिन बंद झालं. आवाज म्हणाला, "फार लवकर उठतं हे. जरा जास्त वेळ नाही का थांबत?"

धाकटी हसली. "काय गं आई, इंजिन का?"

"हो ना. दादाला विचार. याहून मोठी बॅटरी बसते का म्हणावं."

"घ्या!" धाकटी आरशातून म्हणाली. "आता ही तुझ्याच भाषेत बोलायला लागली, दादा!"

दादा हसला नाही. आईला चाळीस वर्षं मशीनचा पट्टासुद्धा बदलता येत नव्हता; तो सरकला की ती गॅरेजमध्ये फोन करायची आणि गाढव आहे का विचारायची. सीटखाली बॅटरी आहे हे तिला कुणी सांगितलं? त्याने आठवून पाहिलं. बॅटरी बदलली तेव्हा आई घरात झोपली होती.

घरी परतल्यावर त्याने गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक नीट वाचलं. घेताना त्याने फक्त तारखा आणि किलोमीटर बघितले होते. मालकाने सांगितलेल्या तक्रारींच्या रकान्यात पहिल्या सर्व्हिसिंगपासून एकच ओळ होती: ऑटो स्टॉप कायमचे बंद करून द्यावे. त्याखाली सर्व्हिस सेंटरचा शेरा: दोष आढळला नाही. सहा वेळा तक्रार, सहा वेळा तोच शेरा. सहाव्या वेळी मालकाचं अक्षर इतकं दाबून लिहिलेलं होतं की मागच्या पानावर उमटलं होतं.

त्याने जुन्या मालकाला फोन लावला. भला माणूस निघाला. टायर कधी बदलले, एसी मध्ये कसा रुसायचा, सगळं आपणहून सांगत बसला. त्याच्या मागे टीव्ही मोठ्याने चालू होता, शिवाय मिक्सर, शिवाय कुठला तरी पंखा. दादाला ओरडून बोलावं लागत होतं.

"तो प्लग तुम्हीच काढला होता का? बॉनेटपाशी?"

"हो हो. मीच."

"का काढलात?"

"मला शांतता सोसत नाही हो," तो म्हणाला आणि हसला. मग जरा वेळाने विचारलं, "तुम्ही... तसाच ठेवलाय ना?"

"जोडला मी. नवी बॅटरी पण टाकली."

टीव्हीवर कुणीतरी बातम्या वाचत होतं.

"डाव्या सीटवर कोण बसतं?" त्या माणसाने विचारलं.

"आई."

"अच्छा," तो माणूस म्हणाला. एवढंच. फोन ठेवताना त्याने मिक्सर बंद केला नव्हता.

दादाला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी त्याला स्वतःचाच राग आला. भुताखेताच्या गोष्टी लहानपणीही त्याने कधी ऐकल्या नव्हत्या. एखादा आवाज कळत नसेल तर काय करायचं? नीट ऐकायचं. पुन्हा ऐकायचं. शनिवारी धाकटीच्या दुकानात गर्दी असते, म्हणून त्याने सांगितलं, आज आईला मी नेतो. आईने पलंगाची कड धरली होती. त्यानेही बोटं सोडवली. पुढे कितीतरी दिवस ती बोटं सोडवल्याचं त्याच्या हाताला आठवत राहिलं.

तो मुद्दाम रेल्वे फाटकाच्या रस्त्याने गेला. सकाळच्या त्या वेळेला दोन गाड्या पाठोपाठ जातात, फाटक दहा-बारा मिनिटं पडलेलं असतं. पुढे एक ट्रक, मागे रांग. दादाने ब्रेक दाबला. इंजिन बंद झालं.

आवाजाच्या वेळी तो पहिल्यांदाच चालकाच्या सीटवर होता.

"आज तू आलास," आवाज म्हणाला. "बरं झालं, बाळा."

दादाने डोळे मिटले, आणि मग त्याला ब्रेकवरच्या पायाची भीती वाटून त्याने ते उघडले. गाडी चालवताना डोळे मिटून कसं चालेल? त्याने आईकडे पाहिलं. ओठ हलत होते, चेहऱ्यावर मंद हसू होतं.

"आई," तो म्हणाला, "मला तू काय म्हणतेस?"

"काय म्हणू? माझा गुणी मुलगा तू."

"तसं नाही. हाक कशी मारतेस?"

"इतकी घाई कसली? फाटक उघडायला वेळ आहे. आज पुष्कळ वेळ आहे."

कुठेतरी खरडल्यासारखा बारीक आवाज येत होता. दादाच्या कानाने तो आधीच टिपला होता. खरं तर तो आवाज प्रत्येक सिग्नलला असायचा. आतल्या प्लास्टिकचा असेल, अशा गाड्यांत दाराची पॅनेलं वाजतात, म्हणून त्याने तो बाजूला टाकला होता. आता तो दाराच्या बाजूने येत होता. आईच्या पलीकडून.

दादाने पुढे वाकून पाहिलं.

आईचा डावा हात दाराच्या कडीवर होता. चार बोटं कडीत अडकवून ती ओढत होती. दार आपोआप लॉक झालेलं. ती ओढत होती, सोडत होती, नखांनी कडीभोवतीचं प्लास्टिक खरवडत होती, पुन्हा ओढत होती. प्लास्टिकवर चरे पडले होते, जुने आणि नवे. अंगठ्याच्या नखाखालून रक्त आलं होतं.

चालकाच्या सीटवरून हा हात दिसत नाही. मागून तर नाहीच.

"नको लक्ष देऊ," आवाज म्हणाला.

आईचे डोळे सताड उघडे होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. ती दादाकडे बघत होती. खाली ओठ हसत होते.

"पूर्वीपेक्षा कमी करते आता. दमते. होईल सवय तिला."

दादाने ब्रेकवरून पाय उचलला. इंजिन उठलं नाही.

गाडी उतारावर किंचित पुढे सरकली. त्याने पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा सोडला. काही नाही. समोर ट्रकचं मागचं फाळकं.

"बॅटरी भरलेली आहे," आवाज समजुतीने म्हणाला. "तूच भरलीस ना. तूच तर सगळं—"

दादाने ते पुसलेलं बटण दाबलं.

इंजिन उठलं. आवाज तुटला. आईची मान पुढे पडली, हात कडीवरून सुटून मांडीवर आला. ती धापा टाकत होती. फाटक उघडेपर्यंत त्याने अंगठा त्या बटणावरून काढला नाही, आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्याला ते भोंगे फार गोड वाटले.

दवाखाना राहिला. त्याने गाडी सरळ गॅरेजमध्ये घातली, इंजिन चालू ठेवूनच आईला खुर्चीत घेतलं आणि कामाच्या पोरांना बाहेर पाठवलं. मग प्लग काढला. चिकटपट्टीचे वेढे घातले. सात-आठ नाही, अख्खं रीळ संपवलं. डावी सीट उचलून बॅटरी काढली आणि भंगाराच्या टोपलीत टाकली. तिथेही तिच्याकडे पाठ करून उभं राहवेना, म्हणून भंगारवाल्याला तासाभरात बोलावून ती घालवली. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटी तिने डावा हात पुढे केला आणि दादाच्या शर्टाची बाही धरली. चाळीस वर्षं कापड धरलेली चिमूट होती ती. दादा तिच्या गुडघ्याशी बसला.

"मी बघितलं नाही गं," तो म्हणाला. "मी नुसता ऐकत बसलो."

आईने बाहीला एक हिसडा दिला. दादाला त्यात 'गाढवा' स्पष्ट ऐकू आलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

दुपारी चार वाजता ती दोघं धाकटीच्या स्वयंपाकघरात होती. आई टेबलापाशी खुर्चीत. धाकटी दुकानातून आली, पर्स ठेवली, आणि दादाचं सगळं बोलणं उभ्यानेच ऐकलं. तो बोलत गेला तसा तिचा चेहरा दगडी होत गेला.

"हात दारावर होता म्हणून?" ती म्हणाली. "तिचा हात आखडतो, दादा! बाईंनी सांगितलंय. आखडतो नि धरतो काहीतरी."

"तिच्या डोळ्यांत पाणी होतं."

"मग? माझ्या नसतं? नऊ महिन्यांनी बोलतेय ती! आणि तू बॅटरी भंगारात टाकलीस? मला न विचारता?"

"ती आई नव्हती."

"तोंड आईचं होतं ना?" धाकटी ओरडली. मग तिला रडू फुटलं. "तुला कळतंय का तू काय केलंस? तीन महिने उरलेत, दादा. तीन. तू आईचा आवाज बंद केलास."

दादाने सिंककडे वळून नळ सोडला आणि हाताचं ग्रीस घासायला सुरुवात केली. मागे धाकटी नाक पुसत होती, फ्रीज घुमत होता. दादा हात धूत राहिला, बराच वेळ. मग त्याने नळ बंद केला.

कोपऱ्यातला फ्रीज एकदा थरथरला आणि आपोआप थांबला.

स्वयंपाकघरात शांतता पसरली. दादाने वळून पाहिलं.

आईने डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिचे डोळे दादावर होते. मान नाही, नाही अशी हलत होती.

बोटांच्या आडून दबलेला, गोड आवाज येत होता.

"अगं बाई!" धाकटी पुटपुटली. तिचा चेहरा उजळला. "दादा, बोलतेय ती! घरात बोलतेय!"

ती धावत जाऊन आईसमोर गुडघ्यांवर बसली, तिने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि थेरपीच्या दिवशी पलंगापाशी सोडवायची तशीच, लाडीगोडी लावत, आईच्या तोंडावरून एकेक बोट सोडवायला लागली.